पुढें पाठविणाराची जोखीम

हुंडीच्या पाठीवर सही करून ज्यानें ती पुढें दिली, तो ती हुंडी न पटल्यास पुढल्या धन्यास बांधलेला असतो, हा नियम मोंढ्यांतील किंवा गुलमंडीवरील व्यापाऱ्यांस कोणा वकिलानें येऊन शिकवावा लागत नाहीं. हुंडी मूळ कोणीं लिहिली, ती किती हातांतून फिरली, आपण ती कोणाच्या भरंवशावर घेतली, या सबबी पुढल्याला ऐकवून सुटका होत नाहीं. १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टाच्या ३५ व्या कलमांत हें तत्त्व लिहून ठेविलेलें आहे. बाजाराची रूढि त्या कायद्याहून पुष्कळ जुनी आहे. शाहजोग हुंडीचा रिवाज तर याहूनहि कडक. रक्कम मागावयास आलेला मनुष्य पेठेंत माहितीचा व पतीचा आहे कीं नाहीं, याची खात्री करूनच पैसे मोजावयाचे. खात्री न करितां मोजले तर नुकसान मोजणाराचें. पैशाच्या देवघेवींत इतकी दक्षता पाळणारा आमचा सुशिक्षित व व्यापारी वर्ग बातमीच्या देवघेवींत मात्र अगदीं उधळ्या झाला आहे. हातांत आलेली वाटेल ती चिठ्ठी, वाटेल तें चित्र, क्षणाचाहि विचार न करितां तो फोनवरून पुढें ढकलतो आणि वर म्हणतो कीं, मीं कांहीं लिहिलें नाहीं, मीं केवळ पुढें पाठविलें. या ‘केवळ पुढें पाठविलें’चा हिशेब महाराष्ट्रांत माणसांच्या प्राणांनीं चुकता झालेला आहे, म्हणून त्याचा विचार कायद्याच्या व नीतीच्या दोन्ही बाजूंनीं झाला पाहिजे.

१ जुलै २०१८ रोजीं, रविवारीं, धुळें जिल्ह्याच्या साक्री तालुक्यांतील राईनपाडा या गांवीं आठवड्याचा बाजार भरला होता. मंगळवेढ्याकडील नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पांच पुरुष पोटासाठीं फिरत तेथें आले. मुलें पळविणारी टोळी आली अशी हूल उठली, आणि जमावानें त्यांस मारीत मारीत ग्रामपंचायतीच्या कचेरींत नेलें व तेथें खोलींत कोंडून पांचहि जणांचा जीव घेतला. ग्रामपंचायतीची कचेरी म्हणजे गांवांतील सरकार. जन्ममृत्यूची नोंद जेथें व्हावयाची, तेथेंच हे खून झाले. मारणारांच्या भोंवतीं उभे राहून कित्येकांनीं त्या मारहाणीचें चित्रण केलें, व ज्या वाटेनें अफवा गांवांत आली होती त्याच वाटेनें तें चित्रणहि बाहेर गेलें. याच सुमारास मालेगांवांत पांच जणांस, ज्यांत एक लहान मूल होतें, जमावानें असेंच घेरलें होतें. परंतु तेथें पोलिसांनीं वेळेवर येऊन त्यांस सोडविलें. दोन गांवांत अफवा एकच, भय एकच. फरक पडला तो पोलीस किती लवकर पोंचले याचा.

आतां ज्या ‘पुराव्या’वर हे खून पाडले गेले तो पुरावा तपासा. त्या दिवसांत फोनाफोनीं फिरणाऱ्या एका चित्रफितींत दोघे जण मोटारसायकलवरून येतात आणि गल्लींत खेळणारें मूल उचलून पळतात, असें दिसत होतें. ही फीत मूळ २०१६ सालीं कराची शहरांत, मुलांच्या सुरक्षिततेविषयीं आईबापांस जागें करण्यासाठीं एका संस्थेनें करविलेली जाहिरात होती. मूळ फितींत तेच दोघे लगेच परत फिरतात, मुलाला अलगद खालीं ठेवतात व मुलांवर लक्ष ठेवा अशा अर्थाचा फलक दाखवितात. कोणा कृतघ्नानें तो शेवटचा भाग कापून टाकला. दुसरीं कांहीं छायाचित्रें ओळीनें निजविलेल्या मृत बालकांचीं होतीं. तीं २०१३ सालीं सीरियांत विषारी वायूनें मेलेल्या मुलांचीं निघालीं. म्हणजे एक नाटक आणि एक परदेशांतील युद्ध, या दोहोंचे तुकडे जोडून आमच्या खानदेशांतील एका बाजाराच्या दिवशीं ते पुरावा म्हणून मान्य झाले! कोणत्याहि न्यायाधीशापुढें जो कागद क्षणभर टिकला नसता, त्यावर भर दुपारीं फांशीची शिक्षा अमलांत आली.

यांत आम्हांस विशेष खेद वाटतो तो एका गोष्टीचा. महाराष्ट्रांतील खेड्यांना सोंगाची ओळख नाहीं असें कोण म्हणेल? बहुरूपी पोलीस होऊन येई, कधीं सावकाराचा कारकून होऊन येई, घरधन्यास चांगला दटावी, लग्नाच्या घरीं पाहुणा म्हणून वाद घाली. आणि ओसरीवरचीं पोरें सुद्धां ‘बहुरूपी आला’ म्हणून टाळ्या पिटीत. डवरी गोसावी डवर नांवाचें डमरूसारखें वाद्य वाजवीत येई. वासुदेव, नंदीबैलवाले, पिंगळे यांचीं गाणीं ज्या ओसरीवर ऐकलीं गेलीं, त्या ओसरीनें सोंग व सत्य यांचा भेद शेंकडों वर्षें बिनचूक ओळखला. आतां तीच ओसरी हातांतील कांचेवरचें सोंग ओळखूं शकत नाहीं, आणि प्रत्यक्ष दारीं आलेल्या गोसाव्याला मात्र सोंगाड्या चोर समजते. नव्या करमणुकीनें जुनी करमणूक मागें टाकावी हें कालमानानें होणारच, त्याबद्दल अश्रु ढाळण्याचें कारण नाहीं. परंतु नव्या करमणुकीनें जुन्या कलावंतांचा प्राण घ्यावा, ही गोष्ट वेगळी आहे.

ही दुसऱ्या जिल्ह्याची गोष्ट म्हणून आम्हीं हात झटकूं शकत नाहीं. राईनपाड्याच्या आधींच, जून २०१८ मध्यें, आमच्याच जिल्ह्याच्या वैजापूर तालुक्यांत चांदगांव येथें कांहीं जणांस चोर समजून जमावानें झोडपलें व त्यांतील दोघे मेले. पुढें २०२४ सालीं बीड, जालना आणि आमच्या जिल्ह्यांतील खेड्यांत रात्रीं आकाशांत ड्रोन फिरतात, चोर त्यांवरून घरें हेरतात, अशी वार्ता उठली. गांवोगांव तरुण काठ्या घेऊन रात्रभर पहारे करूं लागले. ड्रोन कोणाचे, किती, होते कीं नव्हते, हा प्रश्न निराळा. ज्या रात्रीं शंभर माणसें भ्यालेलीं व हातांत काठ्या घेतलेलीं उभीं आहेत, त्या रात्रीं चुकून गांवांत शिरलेल्या परक्या वाटसराचें काय होऊं शकतें, हें चांदगांवनें आधींच दाखवून दिलें होतें. तसा प्रसंग पुन्हां ओढवला नाहीं हें आमचें सुदैव. त्याला आमची व्यवस्था म्हणतां येणार नाहीं.

असला खून झाला म्हणजे जबाबदार कोण? वकिली करणारांस यांतील मौज अशी दिसते कीं, जबाबदारी या हातांतून त्या हातांत फिरत फिरत शेवटीं हवेंत विरून जाते. चित्रफीत कापणारा कोण हें कोणास ठाऊक नाहीं. कंपनी म्हणते, आम्हीं पोस्टमन आहोंत. ग्रुपचा ॲडमिन म्हणतो, मीं कांहीं लिहिलें नाहीं. पुढें पाठविणारा म्हणतो, मला आलें तें मीं दिलें. आणि जमावांतील प्रत्येक जण म्हणतो, मीं एकच चापट मारली. पांच माणसें मेलीं, पण मारणारा कोणीच नाहीं!

यांपैकीं एकेकाचा झाडा घेऊं. प्रथम कंपनी. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ७९ व्या कलमानें मध्यस्थाला संरक्षण दिलेलें आहे, व २४ मार्च २०१५ रोजीं श्रेया सिंघल खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें त्या कलमाचा अर्थ असा लाविला कीं, न्यायालयाचा हुकूम किंवा सरकारची रीतसर सूचना आल्यावरच मध्यस्थावर मजकूर काढण्याचें बंधन येतें. हा निर्णय आम्हांस मान्य आहे. पोस्टानें धमकीचें पत्र आलें म्हणून पोस्टमास्तरास कोणी अटक करीत नाहीं. परंतु पोस्टखातें एका पत्राच्या हजार नकला करून फुकट वांटण्याचें यंत्र गिऱ्हाइकाच्या हातीं देत नाहीं. ही कंपनी देते. जुलै २०१८ मध्यें, इतक्या खुनांनंतर, व्हॉट्सॲपनें आमच्या देशांतील वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती दिल्या आणि एक निरोप एका वेळीं पांचांहून अधिक ठिकाणीं पाठवितां येणार नाहीं अशी मर्यादा घातली. व्यापाऱ्यांनीं जरा हिशेब करावा. त्या वेळीं एका ग्रुपांत २५६ माणसें मावत. पांच ग्रुप म्हणजे १,२८० माणसें, तींहि बोटाच्या एका दाबासरशीं! मर्यादा घातल्यानंतरचा हा आंकडा आहे. पुढें एप्रिल २०२० पासून फार फिरलेला निरोप एका वेळीं एकाच ठिकाणीं पाठवितां येईल असें केलें. जी गोष्ट २०२० सालीं करतां आली ती माणसें मरण्यापूर्वीं कां करतां आली नाहीं, हा प्रश्न त्या कंपनीस विचारण्याचा हक्क राईनपाड्याच्या विधवांना आहे. यंत्राची रचना हा कंपनीचा स्वतःचा मजकूर आहे. त्याबाबत तरी ती पोस्टमन नव्हे.

सरकारनें यावर उपाय काढला तो २०२१ च्या नियमांत: न्यायालयानें किंवा अधिकाऱ्यानें मागितल्यास निरोपाचा मूळ कर्ता कोण हें मोठ्या कंपनीनें शोधून द्यावें. असें करावयाचें तर सर्वांच्याच निरोपांचें कुलूप मोडावें लागेल, असें म्हणून कंपनी दिल्ली उच्च न्यायालयांत गेली. परक्या सरकारच्या अमदानींत देशभक्तांचीं पत्रें टपालांत फोडलीं जात, हें ज्या राष्ट्रानें भोगलें त्यानें स्वतःच्या राज्यांत कोट्यवधि नागरिकांचीं पत्रें फोडण्याची सोय करून ठेवावी, हें आम्हांस पटत नाहीं. शिवाय त्याची येथें गरजहि नाहीं. गांवच्या ग्रुपांत अफवा टाकणाराचें नांव व नंबर त्या ग्रुपांतील प्रत्येकाच्या फोनवर लिहिलेलें असतें. त्याला ती कोणीं दिली हें त्याच्या फोनवर असतें. कराचीपर्यंत जाण्याचें कारण नाहीं. साक्री पोलीस ठाण्यापासून तीन-चार हात मागें गेलें तरी पुरे. चोरीचा माल ज्याच्या दुकानांत सांपडला त्याला पोलीस आधीं विचारतात, खाणीपर्यंत जात नाहींत.

ॲडमिनविषयीं उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानें १ मार्च २०२१ रोजीं, गोंदिया जिल्ह्यांतील एका प्रकरणांत, स्पष्ट निकाल दिलेला आहे. ग्रुप स्थापणें व त्यांत माणसें घेणें-काढणें एवढाच ॲडमिनचा अधिकार; दुसऱ्या सभासदानें काय लिहावें यावर त्याचा ताबा नाहीं; म्हणून समान इराद्याचा पुरावा असल्याखेरीज दुसऱ्याच्या मजकुराबद्दल तो गुन्हेगार ठरत नाहीं. निकाल योग्यच आहे. फौजदारी जबाबदारी ज्याची त्यानें भोगावयाची असते. मात्र कायद्यानें सुटलेला मनुष्य शेजारधर्मानें सुटतो असें नाहीं, आणि ज्या ॲडमिनाला नको असलेल्या सभासदास काढतां येतें त्याला अफवा पसरविणारासहि काढतां येतें.

राहिला पुढें पाठविणारा. आणि आमचा सारा रोख त्याच्यावरच आहे. भारतीय न्याय संहितेचें ३५३ वें कलम, पूर्वींच्या दंडसंहितेचें ५०५ वें, हें केवळ अफवा रचणारासाठीं नाहीं. ती करणारा, प्रसिद्ध करणारा आणि फिरविणारा असे तिघेहि त्यांत येतात. लोकांत घबराट पसरून कोणी सार्वजनिक शांततेविरुद्ध गुन्हा करण्यास प्रवृत्त व्हावा असा इरादा असला, किंवा तसें घडण्याचा संभव असला, तरी पुरें. शिक्षा तीन वर्षांपर्यंत. यावर बचाव एकच आहे: विधान खरें मानण्यास वाजवी कारण होतें व तें सद्भावनेनें, तसला इरादा न धरितां, फिरविलें. पण ‘सद्भावना’ या शब्दाचा फौजदारी कायद्यांतील अर्थ घरगुती अर्थाहून निराळा आहे, आणि हें फार थोड्यांस ठाऊक असतें. १८६० च्या दंडसंहितेंत जी व्याख्या होती तीच नव्या संहितेंत आली आहे: योग्य काळजी व सावधगिरी घेतल्याविना केलेली गोष्ट सद्भावनेनें केली असें म्हणतां येत नाहीं. मन साफ होतें एवढ्यानें भागत नाहीं. तपास केला होता काय, हा प्रश्न आहे. हातीं येतांच दोन सेकंदांत ज्यानें निरोप पांच ठिकाणीं धाडला त्यानें कोणती सावधगिरी घेतली?

कित्येक शहाणे निरोपाखालीं ‘जसें आलें तसें पुढें पाठविलें’ अशी ओळ जोडतात व आपण सुटलों असें समजतात. हुंडीवर ‘माझ्यावर जबाबदारी नाहीं’ असें लिहून सही करण्याची सवलत १८८१ च्या कायद्याच्या ५२ व्या कलमानें खरोखरच दिलेली आहे. परंतु असली हुंडी बाजारांत कोणी चटकन् घेतो काय? पाठीवर सही करणाराचाच जिच्यावर विश्वास नाहीं तिच्यावर तिसऱ्यानें कां ठेवावा? आणि ती सवलत हुंडीला आहे, अफवेला नाहीं. तमिळ चित्रपटनट व माजी आमदार एस. व्ही. शेखर यांनीं २०१८ सालीं स्त्री-पत्रकारांविषयींचा एक हीन मजकूर फेसबुकावर पुढें पाठविला आणि आपण तो न वाचतांच पाठविला असें सांगितलें. मद्रास उच्च न्यायालयानें जुलै २०२३ मध्यें तो बचाव फेंटाळला व पुढें पाठविणारा मजकुराच्या परिणामास बांधला जातो असें ठरविलें. ऑगस्ट २०२३ मध्यें सर्वोच्च न्यायालयानेंहि हात घालण्याचें नाकारलें. ज्याच्या शब्दाला पुष्कळ लोक मानतात त्याच्यावर भार अधिक. हें नटाला लागू, पुढाऱ्याला लागू, आणि गांवच्या प्रतिष्ठित व्यापाऱ्यालाहि लागू.

येथें एक आक्षेप आम्हांस आधींच ऐकूं येतो, व तो वजनदार आहे. तुम्हीं पोलिसांच्या हातीं असलें कलम देतां, मग ते चोर सोडून संन्याशाला धरणार नाहींत काय? धरतील, त्यांनीं पूर्वीं धरलेंहि आहे. बाळासाहेब ठाकरे १७ नोव्हेंबर २०१२ रोजीं निवर्तल्यावर मुंबई बंद झाली, त्यावर पालघरच्या एका मुलीनें फेसबुकावर चार साध्या ओळी लिहिल्या आणि तिच्या मैत्रिणीनें त्यांस पसंती दर्शविली. एवढ्यावरून पोलिसांनीं दोघींस अटक केली, आणि जमावानें एकीच्या चुलत्याचा दवाखाना फोडला. त्या प्रकरणांतूनच पुढें श्रेया सिंघलचा निकाल येऊन ६६-अ हें अमर्याद कलम रद्द झालें. पुन्हां २०२३ सालीं केंद्र सरकारनें स्वतःविषयींच्या बातम्यांचा खरेखोटेपणा ठरविणारें आपलेंच खातें नेमण्याचा नियम केला. मुंबई उच्च न्यायालयानें सप्टेंबर २०२४ मध्यें तोहि मोडून काढला. आम्हीं या दोन्ही निकालांचे बाजूचे आहोंत. सरकार हें सत्याचें मक्तेदार नव्हे. परंतु मत व वार्ता यांत भेद आहे. ‘बंद कशाला’ हें मत. ‘टोळी गांवांत शिरली आहे’ ही वार्ता. मतासाठीं कोणास तुरुंगांत घालूं नये. वार्तेसाठीं, ती खोटी निघून तिच्यापायीं माणसें मेलीं तर, जाब विचारलाच पाहिजे. हा भेद न करणारें पोलीस खातें आळशी, आणि असा भेदच नाहीं म्हणणारा स्वातंत्र्यवादीहि उथळ.

वर्तमानपत्रवाल्यांस ही जबाबदारी नवी नाहीं. १८६७ च्या कायद्यापासून छापील कागदावर मुद्रक-प्रकाशकाचें नांव व ठिकाण असावेंच लागे. २०२३ च्या नव्या नियतकालिक कायद्याखालींहि पत्राला नोंदणी व जबाबदार मालक लागतोच. १९०८ सालीं ‘केसरी’तील लेखांबद्दल खटला झाला तेव्हां लोकमान्यांनीं अमुक ओळ माझ्या हातची नाहीं असें म्हणून अंग काढून घेतलें नाहीं, सहा वर्षें मंडालेंत काढलीं. सिनेमाचेंहि तसेंच. ‘छावा’ हा चित्रपट १४ फेब्रुवारी २०२५ रोजीं लागला. त्यानें औरंगजेबाविषयींचा लोकक्षोभ जागा झाला, असें खुद्द मुख्यमंत्र्यांनीं नागपूरच्या दंग्यानंतर सभागृहांत सांगितलें. असेल, पण त्या चित्रपटाला निर्माता आहे, दिग्दर्शक आहे, सेन्सॉरचा दाखला आहे, ज्याला तक्रार असेल त्यानें दरवाजा ठोठवावा असें घर आहे. १७ मार्च २०२५ च्या रात्रीं नागपूर पेटलें तें चित्रपटानें नव्हे. आमच्या खुलताबादेंतील कबर उखडावी या मागणीसाठीं झालेल्या निदर्शनांत पवित्र वचनें लिहिलेली चादर जाळली, अशी वार्ता फोनाफोनीं धांवली, आणि तिच्या पाठीवर कोणाचीच सही नव्हती. कबर आमच्या जिल्ह्यांत. तिच्यापासून चार-पांचशें किलोमीटरवर एक मनुष्य प्राणाला मुकला. त्यानंतर पालिकेनें एका आरोपीचें घर बुलडोझरनें पाडलें, व २४ मार्चला उच्च न्यायालयास तें काम थांबवावें लागलें. अशा पाडापाडीवर सर्वोच्च न्यायालयानें १३ नोव्हेंबर २०२४ रोजींच बंधनें घातलीं होतीं. खरी जबाबदारी शोधण्याचा कंटाळा आला म्हणजे राज्यसत्ता अशी कोणाची तरी भिंत शोधते.

जमावाविषयींहि थोडें. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ रोजीं अमलांत आली. राईनपाड्यास त्या दिवशीं बरोबर सहा वर्षें झालीं. तिच्या १०३ व्या कलमाच्या दुसऱ्या पोटकलमांत पांच किंवा अधिक माणसांनीं मिळून केलेला खून हा स्वतंत्र अपराध केला आहे, व त्यांतील प्रत्येकास फांशी किंवा जन्मठेप सांगितली आहे. परंतु त्याला एक अट आहे: खून वंश, जात किंवा समाज, लिंग, जन्मस्थान, भाषा, वैयक्तिक श्रद्धा अशा किंवा तत्सम कारणावरून झालेला असावा. ‘मुलें पळविणारा वाटला’ हें कारण या यादींत नाहीं! साध्या खुनाचें कलम व बेकायदा जमावाचें कलम आहेतच, म्हणून आरोपी सुटेल असें नाहीं. पण ज्या खुनांमुळें देशांत या कायद्याची मागणी झाली, त्यांतील कित्येक त्याच्या शब्दांबाहेर राहावे, हें कायदा करणारांस शोभत नाहीं. आमच्या मतें येथें वकिलानें एक प्रश्न धरून ठेवावा. संशय आला तो डवरी गोसाव्यांवरच कां? त्याच बाजारांत परगांवचे कापडवाले, भांडीवाले आले नसतील काय? त्यांना मुलें पळविणारे कोणीं म्हटलें नाहीं. १८७१ च्या इंग्रजी कायद्यानें कित्येक जमाती जन्मतः गुन्हेगार ठरविल्या. तो कायदा १९५२ सालीं गेला, परंतु भटक्या माणसाकडे पाहण्याची नजर गेली नाहीं. संशयच जर जातीवरून व पेहरावावरून आला असेल तर खून ‘समाज’ या कारणावरून झाला असें म्हणावयास जागा आहे, व तसा युक्तिवाद झाला पाहिजे. स्वराज्यांत गोसाव्याच्या पोराला आठवडी बाजारांत निर्भयपणें उतरतां येत नसेल तर तें स्वराज्य त्याच्या दारापर्यंत पोंचलेलें नाहीं.

व्यापारी बंधूंस यांत आपला संबंध नाहीं असें वाटत असेल तर त्यांनीं आपला गल्ला पाहावा. दहा रुपयांचें नाणें खोटें आहे, बंद झालें आहे, या फुकट अफवेनें मराठवाड्यांतील बाजारांत तें नाणें वर्षानुवर्षें अडून राहिलें. रिझर्व्ह बँकेनें जानेवारी २०१८ मध्यें चौदाहि नमुन्यांचीं नाणीं कायदेशीर चलन आहेत असें जाहीर केलें. तरी दुकानदार म्हणे, ‘तें खरें, पण पुढें कोणी घेत नाहीं.’ म्हणजे सरकारी टांकसाळींतून निघालेलें, अशोकस्तंभ असलेलें नाणें संशयास्पद, आणि कर्त्याचा पत्ता नसलेला निरोप मात्र विश्वसनीय! दहा रुपयांच्या बाबतींत हें हंसण्यावारी नेतां येतें. तीच खोड बाजाराच्या दिवशीं परक्या माणसाला लागू झाली म्हणजे हंसूं येत नाहीं.

काय करावें? १७ जुलै २०१८ रोजीं, राईनपाड्यानंतर सोळा दिवसांनीं, तहसीन पूनावाला खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें राज्यांना बंधनकारक सूचना दिल्या: प्रत्येक जिल्ह्यांत पोलीस अधीक्षकाहून कमी नसलेला नोडल अधिकारी, जलद न्यायालयांत शक्यतों सहा महिन्यांत निकाल, पीडितांच्या भरपाईची योजना, आणि हयगय करणाऱ्या अधिकाऱ्यावर कारवाई. कागदावर यांत उणें कांहीं नाहीं. उणें आहे तें एवढेंच कीं, अफवा येतांच सामान्य माणसानें ती कोणास दाखवून खरीखोटी करून घ्यावी, हें त्याला ठाऊक नसतें. आणि ज्यास विचारावयाचें तो सांपडेपर्यंत अफवा तीन तालुके ओलांडून गेलेली असते. यास्तव आमची शहराच्या पोलीस आयुक्तांस व ग्रामीणच्या अधीक्षकांस अशी मागणी आहे कीं, नोडल अधिकाऱ्याचें नांव व फोन नंबर प्रत्येक ग्रामपंचायतीच्या कचेरीवर, प्रत्येक मोंढ्यांत व प्रत्येक आठवडी बाजाराच्या जागीं ठळक अक्षरांत लावावा. आलेल्या विचारणेस तासाभरांत उत्तर द्यावें, व तें उत्तर, खरें असो कीं खोटें, त्याच ग्रुपांवर सहीनिशीं पाठवावें. बाजारपेठेंतील व्यापारी मंडळांनींहि आपापल्या ग्रुपाचा नियम करावा कीं, चोर, टोळी, मुलें, दंगा यांविषयींची वार्ता पाठविणारानें ती स्वतः कोठें व कधीं पाहिली हें लिहावें, नाहीं तर ती पाठवूं नये, आणि नियम मोडणारास एकदां सांगून दुसऱ्यांदा काढून टाकावें. याला सरकारचा हुकूम लागत नाहीं, वकिलाची फी लागत नाहीं. येत्या दिवाळीच्या आंत कोणत्या मंडळानें असा नियम केला त्याचें नांव आम्हांस कळविल्यास आम्हीं या पत्रांत तें छापूं.